नकार कुणाचा, तेही सांगा

पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम नसलेली फाइल उघडायला गेला, की थांबतो आणि तक्रारीसोबत त्या फाइलचं नावही छापतो. कुठे शोधायचं ते वाचणाऱ्याला लगेच कळतं. तोच प्रोग्रॅम बंद पडलेल्या सर्व्हरशी साधं सॉकेट जोडायला गेला, तर लिनक्सवर उत्तर मिळतं एवढंच: 'एरर नंबर १११, कनेक्शन रिफ्यूज्ड'. जोडणी कुणी नाकारली, कुठल्या पोर्टवर नाकारली, याबद्दल एक अक्षर नाही.

आजचा कुठलाही मध्यम आकाराचा प्रोग्रॅम डेटाबेस, कॅश, मेल सर्व्हर, पेमेंटची सेवा अशा अनेक ठिकाणी जोडलेला असतो. त्यातली नेमकी कुठली जोडणी तुटली हे लॉगमधल्या ओळीवरून कळत नसेल, तर ती ओळ असून नसल्यासारखीच. हिंजवडीत किंवा ऐरोलीत रात्रपाळी करणाऱ्या सपोर्ट इंजिनिअरपुढे अनेकदा दुसऱ्याने लिहिलेला, दुसऱ्या देशात चालणारा प्रोग्रॅम असतो. कोड लिहिणारा झोपलेला असतो, नाहीतर केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. अशा वेळी हाताशी उरतो तो एरर मेसेज. म्हणून तो नीट लिहिणं प्रोग्रॅमरच्या मुख्य कामातच धरायला हवं.

या कोरडेपणाचं मूळ जुनं आहे. सॉकेटची आज सर्वत्र वापरली जाणारी पद्धत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतून १९८३ साली आली, बीएसडी युनिक्सच्या ४.२ आवृत्तीसोबत. जोडणीसाठी 'कनेक्ट' हा कॉल करायचा. तो फसला की उणे एक परत येतो आणि कारणाचा आकडा 'एररनो' नावाच्या जागेत ठेवला जातो. ऑपरेटिंग सिस्टिम सांगते ते फक्त कारण. पत्ता आणि पोर्ट तिला प्रोग्रॅमनेच दिलेले असतात, म्हणजे ती माहिती प्रोग्रॅमकडे आधीपासूनच असते. पोस्टातून परत आलेल्या पाकिटावर पत्ताही असतो आणि पोस्टमनचा शेराही. इथे मात्र प्रोग्रॅम पाकीट फेकून देतो आणि शेरा तेवढा पुढे धाडतो.

तो शेराही पुष्कळदा पुसट करून टाकला जातो, आणि हे जास्त नुकसानीचं आहे. 'रिफ्यूज्ड' आणि 'टाइम्ड आउट' या दोन कारणांत मोठा फरक आहे. टीसीपीची जोडणी सुरू करताना पहिलं पॅकेट जातं त्याला 'सिन' म्हणतात. समोरचं यंत्र चालू असेल, पण त्या पोर्टवर कुणी ऐकत नसेल, तर ते 'रीसेट' पॅकेट पाठवतं आणि क्षणात नकार हाती पडतो. म्हणजे रस्ता ठीक आहे, यंत्र जिवंत आहे, बहुतेक वेळा सेवाच चालू नाही किंवा पोर्टचा आकडा चुकला आहे. फायरवॉलने पॅकेट गुपचूप गिळलं किंवा यंत्रच बंद असलं, तर बऱ्याचदा काहीच परत येत नाही. लिनक्सची मूळ मांडणी बरीच वर्षं अशी होती की पहिल्या सिननंतर तो आणखी सहा वेळा पाठवायचा आणि दर वेळी दुप्पट थांबायचं. १, २, ४ असं करत ६४ सेकंदांपर्यंत, बेरीज १२७. दोन मिनिटांनंतर हाती येणाऱ्या 'टाइम्ड आउट'चा अर्थ असा की शोध वाटेतल्या फायरवॉलपासून सुरू करावा.

तिसरी शक्यता म्हणजे नावाचा आयपी पत्ताच न मिळणं. मग डीएनएसकडे वळावं लागतं. पहिल्या बिघाडासाठी सेवा चालवणाऱ्याला फोन करायचा, दुसऱ्यासाठी नेटवर्कच्या माणसाला, तिसऱ्यासाठी डीएनएस सांभाळणाऱ्याला. या तिन्ही बिघाडांना मिळून 'नेटवर्क एरर, नंतर प्रयत्न करा' असं एकच वाक्य छापणारा प्रोग्रॅम हाती असलेलं निदान फेकून देतो.

नुसता आकडा छापणंही पुरत नाही. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' लिनक्सवर १११ आहे, मॅकवर ६१ आणि विंडोजवर १००६१. ग्राहकाने फोनवर '६१' सांगितलं, तर ऐकणाऱ्याला आधी यंत्र कुठलं ते विचारावं लागतं. आकड्याच्या जोडीला त्याचं नाव किंवा वाक्य हवंच.

आकडा उचलण्यातही घाई लागते, कारण 'एररनो'ची जागा पुढचा एखादा कॉल सहज बदलून टाकतो. जुन्या युनिक्स यंत्रांवर सेंडमेल या मेल सर्व्हरकडून परत आलेल्या ईमेलमध्ये कधीकधी कारण लिहिलेलं असे 'नॉट अ टाइपरायटर'. ईमेल न पोहोचण्याशी टाइपरायटरचा काडीचा संबंध नव्हता. आउटपुट टर्मिनलवर जातं आहे का, हे एका लायब्ररीने मध्येच तपासलेलं असायचं. उत्तर 'नाही' आलं, त्याचा आकडा तिथे राहून गेला, आणि पुढे भलत्याच बिघाडाचं कारण म्हणून तो छापला गेला.

याचा एक भाऊबंद आजही भेटतो. नावाचा पत्ता शोधणारा 'गेटॲड्रइन्फो' हा कॉल आपलं कारण सहसा 'एररनो'त ठेवत नाही. त्याचे कोड वेगळे आणि ते वाचण्याचं फंक्शनही वेगळं. हे विसरलं, की लॉगमध्ये 'कनेक्ट फेल्ड: सक्सेस' अशी ओळ उमटते आणि वाचणारा चक्रावून जातो.

चांगलं करता येतं, याचे पुरावे भरपूर आहेत. पोस्टग्रेस या डेटाबेसशी जोडणी जमली नाही, की त्याची लायब्ररी सर्व्हरचं नाव, आयपी पत्ता, पोर्ट आणि सिस्टिमने दिलेलं कारण सांगते. मग पुढच्या ओळीत विचारते: त्या यंत्रावर सर्व्हर चालू आहे का, आणि तो टीसीपी जोडण्या स्वीकारतो आहे का? तिथे प्रश्नचिन्ह आहे हे महत्त्वाचं. कारण ठाम आहे, अंदाज प्रश्नाच्या रूपात आहे, आणि दोन्ही वेगवेगळ्या ओळींत आहेत. अंदाजच निकाल म्हणून छापला असता, तर सर्व्हर ठणठणीत असताना लोक तो पुन्हा पुन्हा रीस्टार्ट करत बसले असते. गो भाषेत तर हे प्रोग्रॅमरवर सोडलेलंच नाही. तिची लायब्ररी 'डायल टीसीपी १२७.०.०.१:५४३२: कनेक्ट: कनेक्शन रिफ्यूज्ड' असा संदेश स्वतःच बनवते. काय करत होतो, कुठे करत होतो, कुठल्या पायरीवर अडलं आणि का, हे सगळं एका ओळीत येतं.

पत्ता छापल्याने काय साधतं हे जावास्क्रिप्टचे प्रोग्रॅम चालवणारा 'नोड' वापरणाऱ्यांनी अनुभवलं आहे. २०२१ साली आलेल्या नोडच्या १७व्या आवृत्तीने 'लोकलहोस्ट' या, म्हणजे आपल्याच यंत्राच्या, नावाचे पत्ते लावण्याचा क्रम बदलला. आधी आयपीव्ही४चा १२७.०.०.१ पुढे घेतला जाई. आता सिस्टिम देईल तोच क्रम राहू लागला, आणि पुष्कळ यंत्रांवर त्यात आयपीव्ही६चा ::१ पहिला होता. फक्त १२७.०.०.१ वर ऐकणारे सर्व्हर चालू असूनही जोडणी नाकारली जाऊ लागली. मात्र नोडच्या संदेशात ::१ आणि पोर्ट स्पष्ट छापलेले होते, आणि कारणाचा धागा तिथेच हाती लागत होता. संदेशात नुसतं 'लोकलहोस्ट' असतं, तर ते बरोबरच दिसलं असतं. म्हणूनच मागितलेलं नाव आणि प्रत्यक्ष वापरलेला पत्ता, दोन्ही छापायला हवेत.

त्याच नोडने पुढे एक पाऊल मागे टाकलं. २०२३ च्या २०व्या आवृत्तीपासून तो एका नावाचे अनेक पत्ते असतील तर ते आपणहून एकामागोमाग वापरून पाहू लागला. ही सोय उत्तमच. पण सगळेच पत्ते फसले की सगळ्या तक्रारी 'ॲग्रिगेट एरर' नावाच्या एका गाठोड्यात बांधल्या जातात आणि गाठोड्याचा स्वतःचा मेसेज कोरा असतो. नुसता मेसेज छापणाऱ्या प्रोग्रॅमांच्या लॉगमध्ये मग रिकामी ओळ येते. अनेक प्रयत्न केले असतील, तर प्रत्येकाचा पत्ता आणि कारण संदेशात उतरलंच पाहिजे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो वजनदार आहे. आतल्या सर्व्हरचे पत्ते बाहेर फोडणं धोक्याचं असतं. जावा म्हणूनच सावध आहे: ११व्या आवृत्तीपासून पत्ता संदेशात घालण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम चालू करावी लागते. तरीही या भीतीपोटी माहितीच पुसून टाकणं योग्य नाही. वाचणारे दोन आहेत. ॲप वापरणाऱ्या माणसाला 'पैसे गेले नाहीत, पेमेंटची सेवा उत्तर देत नाही' एवढं सरळ सांगावं आणि सोबत एक संदर्भ क्रमांक द्यावा. पत्ता, पोर्ट, मूळ कारण आणि किती सेकंद वाट पाहिली हे त्याच क्रमांकाखाली लॉगमध्ये जावं. लॉग कुणी वाचावा यावर बंधन घालता येतं. न लिहिलेली माहिती मात्र कुणालाच मिळत नाही.

आपले संदेश पुरेसे आहेत का, हे तपासायला महागडी साधनं लागत नाहीत, आणि प्रत्येक टीमने नवी आवृत्ती सोडण्याआधी ते करावं. कुणी ऐकत नाही अशा पोर्टशी जोडायला प्रोग्रॅमला सांगावं. तिथे नकार मिळतो. मग १९२.०.२.१ हा पत्ता द्यावा. तो ज्या गटात आहे तो गट केवळ दस्तऐवजांतल्या उदाहरणांसाठी राखीव आहे, म्हणून तिथून सहसा उत्तर येत नाही आणि वेळ संपते. शेवटी '.इनव्हॅलिड'ने संपणारं एखादं नाव द्यावं. हा शेवट १९९९ पासून अशाच कामासाठी राखून ठेवला आहे आणि त्याचा पत्ता सापडता कामा नये. तिन्ही वेळा लॉगमध्ये उमटलेल्या ओळी कोड न पाहिलेल्या सहकाऱ्याला वाचायला द्याव्यात. कुठे जोडत होतो, काय बिघडलं आणि आता कुणाला फोन करायचा हे त्याला सांगता आलं नाही, तर त्या ओळी त्याच दिवशी पुन्हा लिहाव्यात.