क्रेडिट देतो ना, बॉस!

‘हाय! तुमचे फोटो एकदम सॉलिड आहेत. आमच्या पेजवर वापरले तर चालतील का? क्रेडिट देऊ.’

हा मेसेज तुम्हाला कधीच आला नसेल, तर एक तर तुमच्याकडे कॅमेरा नाही किंवा तुम्ही फोटो जाम वाईट काढता. बाकी सगळ्यांना येतो. आणि आला की माणूस पहिल्यांदा काय होतो? खूश होतो! सोमवार ते शुक्रवार कुणाच्या तरी एक्सेल शीटमधला एक रकाना होऊन बसलेल्या माणसाला कुणीतरी चक्क ‘तुमचं काम आवडलं’ म्हणतंय. मग ‘शुअर, व्हाय नॉट’ आणि वर दोन स्मायली. कॅमेऱ्याचा ईएमआय, पावसाळी ट्रेकमध्ये लेन्सला धरलेली बुरशी, शनिवारी पहाटे तीनला लावलेला गजर... सगळं त्या दोन स्मायलींमध्ये माफ.

माझं म्हणणं एवढंच आहे की फोटोची किंमत तो ढापला गेल्यावर ठरत नाही. या मेसेजला तुम्ही काय उत्तर देता, तिथे ती ठरते.

आमचा एक मित्र आहे. बँकेत आहे बिचारा, पण दर वर्षी रजा टाकून दिवे घाटात जाऊन उभा राहतो. ज्ञानोबांची पालखी पुण्याहून सासवडला जाताना हा घाट चढते, आणि त्या दिवशी तिथे वारकऱ्यांच्या खालोखाल गर्दी कुणाची असेल तर ती फोटोग्राफर्सची. तर एका वर्षी साहेबांना तो फोटो मिळाला. वळणावळणाचा घाट, पताकांची रांग, वर काळा ढग आणि मधूनच पडलेली उन्हाची तिरीप. त्याने तो नेटवर टाकला, कोपऱ्यात बारीक अक्षरात स्वतःचं नाव लिहून.

आषाढी एकादशीला सकाळी सात वाजता फॅमिली ग्रुपवर काकांनी तोच फोटो टाकला. कोपऱ्यातलं नाव कापलेलं, त्या जागी हात जोडलेले एक भावी नगरसेवक. खाली काकांची सूचना, ‘बघ, असे फोटो काढायला शिक!’

दुपारपर्यंत तोच फोटो एका साडीच्या दुकानाच्या शुभेच्छांमध्ये आला. मग एका पॅथॉलॉजी लॅबच्या. आणि दोन दिवसांनी आमच्याच चौकात वीस फुटी फ्लेक्स लागला, एका हाउसिंग स्कीमचा. पांडुरंगाच्या साक्षीने टू बीएचके! नेटवरची छोटी फाइल वीस फुटांवर ताणल्यामुळे वारकऱ्यांच्या डोक्यांचे चौकोन झाले होते, पण त्याचं त्यांना काय?

फ्लेक्सवरच्या नंबरवर फोन केला. स्पीकर ऑन, मी शेजारी. मार्केटिंगवाला पोरगा अगदी नम्रपणे म्हणाला, ‘सर, तो गूगलचा फोटो आहे.’ जसं काही गूगल रेनकोट घालून, ट्रायपॉड घेऊन दिवे घाटात उभं होतं! पुढे त्याने क्रेडिट द्यायची तयारी दाखवली, साइट व्हिजिटचं आमंत्रणही दिलं. मग आम्ही बसून मेल लिहिला. सोबत मूळ रॉ फाइलचा स्क्रीनशॉट, फ्लेक्सचा तारखेसकट फोटो आणि बिल. तीन मेल झाले. मागितले होते पंधरा हजार, आले आठ. भावी नगरसेवकांना फोन करायचं मात्र आमच्यात कुणाला सुचलं नाही. असतं एकेकाचं नशीब.

‘गूगलचा फोटो’ नावाची गोष्ट अस्तित्वात नाही, हे एकदा डोक्यात फिट करून घ्या. आपल्याकडचा १९५७ चा कॉपीराइट कायदा सांगतो की स्वतःसाठी काढलेला फोटो ज्याने काढला त्याचा. बटण दाबलं, फोटो निघाला, हक्क तयार. वर्तुळातला सी लिहिलाच पाहिजे असं नाही, नोंदणीही सक्तीची नाही. (करायची असेल तर करता येते, एका फोटोला सरकारी फी ५०० रुपये. दिवसाला चारशे फोटो काढणाऱ्याने आधी हिशेब करावा.) हा हक्क तुम्ही जिवंत असेपर्यंत आणि तुमच्यानंतर ६० वर्षं टिकतो. पूर्वी फोटोला प्रकाशनापासून ६० वर्षं असा वेगळा हिशेब होता, २०१२ च्या दुरुस्तीने तो गेला. म्हणजे तुमच्या नातवंडांनाही त्या घाटाचे पैसे मागता येतील. मागतील की नाही, ते त्यांच्या संस्कारांवर.

आता कोपऱ्यातल्या नावाचं. वॉटरमार्कवरून फोटोग्राफर लोकांत दोन पार्ट्या आहेत. एक म्हणते, फोटोच्या मधोमध भलं मोठं नाव टाका. दुसरी म्हणते, त्याने फोटो मरतो. मला विचाराल तर आपल्या आयांचा फंडा बेस्ट होता. घरातल्या प्रत्येक स्टीलच्या डब्यावर, तांब्यावर नाव कोरून घेतलेलं असायचं, पण जेवताना कुणाला ते खटकलं का? हळदीकुंकवाला शेजारी गेलेलं ताट मात्र बरोबर परत यायचं. नाव कोपऱ्यात लिहाच, पण भांड्याच्या बुडाशी लिहितात तसं फाइलच्या पोटातही लिहा. तिथे नाव, ईमेल, हक्काची ओळ भरायची सोय असते, लाइटरूममध्ये एकदा सेट केलं की प्रत्येक फोटोत आपोआप जातं. गूगलच्या इमेज सर्चमध्ये २०१८ पासून ही माहिती दिसू शकते. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो गेला की मात्र ती बहुतेक वेळा पुसली जाते, म्हणून दोन्हीकडे लिहायचं. आणि हे नाव जाणूनबुजून, हक्क नसताना पुसणं हा २०१२ पासून आपल्याकडे स्वतंत्र गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मेलमध्ये हे वाक्य टाकलं की समोरच्याची भाषा किती बदलते ते पाहा.

जुना गल्लीतला स्टुडिओवाला यातलं काहीही न शिकता शहाणा होता. प्रिंटच्या पाठीवर शिक्का त्याचा, निगेटिव्ह त्याच्या कपाटात. कॉपी हवी? या पुन्हा. तुमची रॉ फाइल म्हणजे ती निगेटिव्ह. ती कुणालाही, अगदी कुणालाही द्यायची नाही.

‘पण मी स्वतःच तर फुकट टाकला होता ना नेटवर!’ असं म्हणून गप्प बसणारे खूप भेटतात. त्यांच्यासाठी डॅनियल मोरेल या हैतीच्या फोटोग्राफरची गोष्ट. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भयंकर भूकंप झाला. मोरेल तिथेच होता. त्याने त्याच दिवशी फोटो काढून ट्विटपिकवर टाकले. दुसऱ्याच एका माणसाने ते उचलून स्वतःच्या नावाने टाकले, तिथून एएफपी या वृत्तसंस्थेने घेतले आणि गेटीमार्फत ते जगभर गेले. मोरेलने हरकत घेतली, तर एएफपीच त्याच्याविरुद्ध कोर्टात! चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या या. एएफपीचं म्हणणं असं की साइटच्या अटींनुसार हे फोटो वापरायला मोकळे होते. न्यूयॉर्कच्या कोर्टाने ते मानलं नाही. साइटला दिलेली परवानगी ही साइटपुरती, सगळ्या गावाला नाही. नोव्हेंबर २०१३ मध्ये ज्युरीने मोरेलला १२ लाख डॉलर द्यायला सांगितले.

अर्थात, आपल्याला काही १२ लाख डॉलर मिळणार नाहीत. म्हणून मला त्याहून आवडते ती लिन गोल्डस्मिथ यांची गोष्ट, कारण ती एका शब्दाची आहे. या न्यूयॉर्कच्या फोटोग्राफर. १९८१ मध्ये त्यांनी प्रिन्स या गायकाचा ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट काढला. १९८४ मध्ये व्हॅनिटी फेअर मासिकाने ४०० डॉलर देऊन तो घेतला, एका चित्रकाराला संदर्भ म्हणून. चित्रकार साक्षात अँडी वॉरहॉल. आणि परवानगीच्या कागदावर लिहिलेलं होतं की वापर एकदाच.

वॉरहॉलने एक सोडून सोळा चित्रं करून ठेवली. २०१६ मध्ये प्रिन्स गेला, तेव्हा व्हॅनिटी फेअरच्या मालक कंपनीने त्यातलंच नारिंगी चित्र खास अंकाच्या कव्हरवर छापलं. वॉरहॉलच्या फाउंडेशनला मिळाले १० हजार डॉलर. गोल्डस्मिथना किती? शून्य. नावसुद्धा नाही! त्यांना हे सगळं कळलं ते कव्हर पाहिल्यावर. त्यांनी हरकत घेतली आणि इथेही आधी कोर्टात गेलं ते फाउंडेशनच. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं आणि मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन मतांनी निकाल गोल्डस्मिथ यांच्या बाजूने लागला. वॉरहॉलची कला मोठी की लहान, हा प्रश्नच कोर्टाने बाजूला ठेवला. मासिकाला प्रिन्सचं चित्र विकणं हे फोटोग्राफरच्याच धंद्यावर चालणं आहे, एवढं पाहिलं. आता कल्पना करा, १९८४ च्या त्या कागदावर ‘एकदाच’ लिहिलेलं नसतं तर? किंवा कागदच नसता, नुसतंच ‘शुअर, व्हाय नॉट’?

एआयचं काय, असं विचारणाऱ्यांसाठी थोडक्यात. गेटीने २०२३ मध्ये स्टॅबिलिटी एआयवर लंडनमध्ये केस केली. मशीनने बनवलेल्या काही चित्रांवर गेटीचा वॉटरमार्क वेडावाकडा उमटत होता. म्हणजे ताटाबरोबर मशीन कोरलेलं नावही शिकलं! नोव्हेंबर २०२५ च्या निकालात गेटी मुख्य मुद्द्यावर हरली, थोडंफार यश मिळालं ते ट्रेडमार्कवर, त्याच वॉटरमार्कमुळे.

आपल्याकडचे खड्डे वेगळे आहेत. वीकेंडला कँडिड वेडिंग शूट करून पॉकेटमनी काढणाऱ्या मंडळींनो, कलम १७ वाचा. कुणी पैसे देऊन सांगितलं म्हणून तुम्ही फोटो काढलात, आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. म्हणजे तुमच्या पोर्टफोलिओत नवरीचा फोटो टाकायलाही तुम्हाला तिच्या बाबांना विचारावं लागेल. ‘फोटोग्राफरला स्वतःच्या कामाच्या प्रसिद्धीसाठी फोटो वापरता येतील’ ही ओळ अ‍ॅडव्हान्स घेताना लिहून घ्या, मुहूर्त टळल्यावर नाही. ऑफिसच्या अ‍ॅन्युअल डेचं तसंच. एचआर गोड आवाजात म्हणते, ‘तू आणशील ना कॅमेरा?’ तुमचं काम कोडिंग आहे, फोटोग्राफी नाही, त्यामुळे ते फोटो आपोआप कंपनीचे होतात असं नाही. पण अपॉइंटमेंट लेटरमध्ये आयपीचं एक लांबलचक कलम असतं, सही करताना कुणी न वाचलेलं. ते काढून वाचा एकदा.

आणि एक चिमटा. तुमच्यातले निम्मे लोक मार्केटिंग, एजन्सी, कंटेंट असल्या ठिकाणी आहात, हे मला माहीत आहे. रविवारी स्वतःचा फोटो ढापला म्हणून तावातावाने पोस्ट टाकणारा माणूस सोमवारी सकाळी बॉसच्या ‘नेटवरून घे रे एखादा छानसा’ला मान डोलावतो. तो ‘छानसा’ कुणीतरी रजा टाकून काढलेला असतो. त्याला एक मेल टाकायला दोन मिनिटं लागतात, आणि बजेटमध्ये समोशांना जागा असते तर फोटोलाही निघते.

तर त्या मेसेजला उत्तर काय द्यायचं? भांडायचं अजिबात नाही. ‘थँक्यू! कुठे वापरणार, किती दिवस, छापील की ऑनलाइन, आणि फक्त तुम्हालाच हवाय की इतरांना दिला तर चालेल?’ एवढे चारच प्रश्न, आणि तेही मेलवर. कुठला तरी ट्रेकिंग ग्रुप असेल, पैसे नसतील, तर द्या की फुकट! मीही देतो. पण ‘फक्त या पोस्टसाठी, नावासकट’ असं लिहून. हक्कच कायमचे मागत असतील तर कलम १९ तुमच्या बाजूने आहे. त्याला लेखी, सही केलेला कागद लागतो, आणि त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत.

किती मागायचे, हा प्रश्न सगळे कुजबुजत विचारतात. फिक्स रेट नाही. एका पोस्टला वेगळा, वर्षभर चौकात लटकणाऱ्या फ्लेक्सला वेगळा, आणि ‘फक्त आम्हालाच’ म्हणणाऱ्याला दणदणीत वेगळा. समोरचा ‘एवढे? मग राहू दे’ म्हणाला तर राहू द्या. आमच्या मित्राने गेल्या वर्षी असे तीन जण घालवले. चौथ्याने, एका कॅलेंडरवाल्याने, एका वर्षासाठी फोटो घेतला. त्यालाही आधी छोटी फाइलच पाठवली होती. मोठी गेली पैसे खात्यात आल्यावर.