कार डिटेलिंगचा वर्ग लावताय? आधी विचारा, मशीन किती वेळ हातात मिळणार!

मळकट बोनेट रीलमध्ये अर्ध्या मिनिटात आरशासारखे चमकते. ते पाहून चार दिवसांचा वर्ग लावावा आणि गावात दुकान टाकावे, असा विचार अनेक तरुणांच्या मनात येतो. विचार चांगला आहे. पण हे काम नुसते पाहून येत नाही आणि पॉलिशिंगमधली चूक सहज निस्तरत नाही. म्हणून फी भरण्यापूर्वी काही गोष्टी समजून घ्या.

डिटेलिंग म्हणजे नेमके काय?

गाडी नीट धुणे, रंगावर चिकटलेले कण काढणे, बारीक ओरखडे पॉलिश करणे आणि वरून वॅक्स किंवा कोटिंगचा थर देणे. सीट, डॅशबोर्ड आणि कार्पेटची खोल सफाईही त्यातच येते.

चूक महाग का पडते?

पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते. त्यात क्लिअर कोट असतो जेमतेम ४०-५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. पॉलिशिंगमध्ये ओरखडा भरला जात नाही. त्याच्या आजूबाजूचा थर घासून सपाट केला जातो. घासलेला थर परत येत नाही. रोटरी मशीन एकाच जागी रेंगाळले, तर रंग जळतो. बोनेटच्या कडांवर हा धोका सर्वाधिक. म्हणून नवख्याने ड्युअल ॲक्शन मशीनपासून सुरुवात करावी. त्यात पॅड फिरता फिरता डोलते आणि रंग कमी तापतो.

यवतमाळची अडचण वेगळी

इथे पावसाळ्यात काळी माती चिकटते, वणी पट्ट्यात कोळशाची धूळ बसते. अशी धूळ कोरड्या फडक्याने झटकली, की ओरखडे पडलेच समजा. बोअरचे पाणी जड असेल, तर ते वाळल्यावर क्षारांचे पांढरे डाग उरतात. मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा पाणी आणि शाम्पू क्षणात वाळतात, त्यामुळे काम सावलीतच करावे लागते. त्यात उन्हाळ्यातली पाणीटंचाई. दोन बादल्यांची पद्धत, म्हणजे एकीत शाम्पू आणि दुसरीत हातमोजा खंगाळायला साधे पाणी, ओरखडे टाळते. सतत सोडलेल्या पाइपपेक्षा पाणीही वाचवते.

वर्ग निवडताना विचारा

• एका मशीनमागे किती विद्यार्थी? प्रत्येकाच्या हातात ते किती तास राहणार?
• सरावाला भंगारातले बोनेट किंवा दार मिळेल का? ग्राहकाच्या गाडीवर पहिला हात मारू नये.
• रंगाच्या थराची जाडी मोजायला शिकवतात का? साधे मीटर प्लास्टिकच्या बंपरवर चालत नाही, हे सांगतात का?
• व्हील क्लीनरसारखी रसायने हाताळताना हातमोजे, चष्मा, मास्क देतात का?
• प्रमाणपत्र कोणाचे? वाहन क्षेत्राची कौशल्य मानके ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिल ठरवते. खासगी वर्गाने स्वतः छापलेला कागद वेगळा.

दुकान टाकायचे असेल तर

राज्य सरकारच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमात २०१९ पासून सेवा व्यवसायांनाही कर्जाशी जोडलेले अनुदान मिळते. प्रवर्ग आणि ठिकाणानुसार ते प्रकल्प खर्चाच्या १५ ते ३५ टक्के असते. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करावी. उरलेले कर्ज मात्र फेडावेच लागते. म्हणून सुरुवात धुलाई आणि आतील सफाईपासून करणे शहाणपणाचे. त्यात भांडवल कमी आणि जोखीमही कमी. कोटिंग हात बसल्यावर.

आयटीआयच्या कार्यशाळांत मोटार मेकॅनिक घडतात. तिथेच सुटीच्या दिवशी डिटेलिंगचे अल्प मुदतीचे वर्ग चालवले, तर कापूस-सोयाबीनच्या भावावर घर चालणाऱ्या मुलांना महागड्या खासगी वर्गाची वाट धरावी लागणार नाही. तोपर्यंत नियम एकच: ज्या वर्गात पाहणे जास्त आणि करणे कमी, तिथे पैसे भरू नका.