दोनशे रुपयांचं बक्षीसपत्र

महाराष्ट्रात आईवडिलांनी राहतं घर किंवा शेतजमीन मुलाच्या, मुलीच्या किंवा नातवाच्या नावे बक्षीस द्यायची ठरवली, तर मुद्रांक शुल्क लागतं फक्त २०० रुपये. गावाशहराप्रमाणे वर काही अधिभार असतात, पण विक्रीच्या व्यवहारात भरावा लागणारा आकडा पाहिला तर ही रक्कम नगण्यच. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे. तिचा परिणाम मात्र असा झाला आहे की म्हातारपणातला सगळ्यात मोठा आणि परत न फिरणारा निर्णय हा सगळ्यात स्वस्त आणि झटपट निर्णय होऊन बसला आहे.

दुय्यम निबंधक कार्यालयात कुठल्याही कामाच्या दिवशी हे पाहायला मिळतं. आजी खुर्चीवर, शेजारी मुलगा, मागे दोन ओळख पटवणारे. आधार कार्ड, फोटो, डाव्या हाताचा अंगठा, ‘आजी, इकडे कॅमेऱ्यात बघा’. दस्त वाचून दाखवायला सहसा कोणाला सवड नसते. त्यात ठरलेली भाषा असते: लिहून देणार यांनी नैसर्गिक प्रेमापोटी, अक्कलहुशारीने, नशापाणी न करता, कोणाच्याही दबावाशिवाय ही मिळकत लिहून घेणार यांना दिली आहे. लिहून देणार यांनी यापुढे राहायचं कुठे, त्यांचं औषधपाणी कोणी बघायचं, याबद्दल बहुतेक दस्तांत चकार शब्द नसतो.

हा शब्द असणं का महत्त्वाचं, हे समजायला २००७ सालचा आईवडील व ज्येष्ठ नागरिकांचा निर्वाह व कल्याण अधिनियम उघडावा लागतो. त्याचं कलम २३ सांगतं: ज्येष्ठ नागरिकाने मालमत्ता दिली, देताना सांभाळ करण्याची अट घातली आणि घेणाऱ्याने ती पाळली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने किंवा दबावाने झालं असं मानून न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. सगळी मेख ‘अट घातली’ या दोन शब्दांत आहे.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल शेजारी ठेवले की ही मेख उघड दिसते. हरियाणातल्या एका आईने अपत्यांच्या नावे हक्कसोडपत्र केलं होतं. सांभाळ होत नाही म्हणून तिने ते रद्द करून मागितलं. डिसेंबर २०२२ मध्ये न्यायालयाने तिच्या विरोधात निकाल दिला, कारण दस्तात अट नव्हती आणि अशी अट होती हे तिने मांडलंही नव्हतं. जवळची माणसं एकमेकांना मालमत्ता देतात तेव्हा मनात सांभाळाची अपेक्षा असतेच. पण अपेक्षा म्हणजे अट नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ.

दुसरी आई मध्य प्रदेशातल्या छतरपूरची. तिने २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं, आणि त्याच सुमारास मुलाकडून एक वचनपत्रही लिहून घेतलं: आयुष्यभर सांभाळीन, न सांभाळल्यास आईला दस्त रद्द करता येईल. पुढे व्हायचं तेच झालं. उपविभागीय अधिकाऱ्यांनी बक्षीसपत्र रद्द केलं, जिल्हाधिकाऱ्यांनी ते कायम केलं, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने उलटवलं. शेवटी २ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आईच्या बाजूने निकाल दिला, घराचा ताबा परत द्यायला सांगितलं आणि हा कायदा ज्येष्ठांना झुकतं माप देऊनच वाचला पाहिजे, असंही बजावलं.

एकीकडे कागद होता, दुसरीकडे नव्हता. दोघींच्या नशिबातला फरक बव्हंशी तेवढाच.

‘पोटच्या मुलाकडून कागद करून घ्यायचा?’ हा प्रश्न मराठी घरात हमखास येतो. सगळं मुलांना देऊन बसलेल्या बापाचं ‘नटसम्राट’ पाहून अर्धशतक डोळे पुसणारा समाज घरी येऊन नेमकी तीच चूक करतो, ती या संकोचापायीच. खरं तर नीट सांभाळणाऱ्या मुलाला या अटीने काडीचाही त्रास होत नाही. आणि अट घालायला जो मुलगा कडाडून विरोध करतो, त्याने आपलं उत्तर आधीच दिलेलं असतं.

त्याहून सोपा मार्ग म्हणजे मुळात बक्षीसपत्रच न करणं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीचीही सक्ती नाही. दोन साक्षीदारांसमोर सही केली की ते कायदेशीर होतं आणि हयातीत कितीही वेळा बदलता येतं. लाभ होणाऱ्याला साक्षीदार करू नये, एवढं पथ्य पाळावं. तरीही लोक बक्षीसपत्राकडे वळतात, कारण ‘मागे भांडणं नकोत’, किंवा सोसायटी पुनर्विकासाला गेली आहे आणि नव्या करारात थेट मुलाचंच नाव लागावं अशी घाई असते. मागची भांडणं टाळण्याच्या नादात पुढचं छप्पर जातं.

विधवांच्या बाबतीत तर हे आणखी चटकन घडतं. वडील मृत्युपत्र न करता गेले की हिंदू उत्तराधिकार कायद्याप्रमाणे त्यांच्या वाट्याचे समान हिस्से पत्नी, मुलगे आणि मुलींना मिळतात. दिवसपाणी आटोपतं न आटोपतं तोच मुलींबरोबर आईचीही हक्कसोडपत्रावर सही घेतली जाते. मुलींच्या सह्यांवर निदान आता चर्चा तरी होते. आईच्या सहीबद्दल कोणी बोलत नाही. जणू तिचा हिस्सा म्हणजे कागदोपत्री अडचण. तिने सही करू नये. आणि करायचीच असेल तर हयातभर राहण्याचा आणि पोटगीचा हक्क त्याच दस्तात लिहून घ्यावा.

मालमत्ता स्वतःच्या नावावर असेल, तर कायदा बराच पाठीशी उभा राहतो. मुंबईतल्या एका ८० वर्षांच्या वडिलांच्या खोल्या थोरल्या मुलाने बळकावल्या होत्या. न्यायाधिकरणाने खोल्या रिकाम्या करायला आणि दरमहा ३००० रुपये द्यायला सांगितलं. मुलाने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि तिथे निकाल फिरला, कारण एव्हाना मुलगाही साठीचा, म्हणजे स्वतःच ज्येष्ठ नागरिक झाला होता! सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मोडून काढलं: वडिलांनी अर्ज केला त्या दिवशी मुलगा ५९ वर्षांचा होता, तोच दिवस धरायचा.

न्यायाधिकरण म्हणजे बहुतेक ठिकाणी उपविभागीय अधिकाऱ्यांचं, म्हणजे प्रांताधिकाऱ्यांचंच कार्यालय. साध्या अर्जावर काम चालतं, वकील लावण्याची गरज नसते आणि निर्वाहखर्चाच्या अर्जाचा निकाल ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत लागावा अशी तरतूद आहे. खर्चाची कमाल मर्यादा मात्र महिना १०,००० रुपये, तीही २००७ साली ठरलेली. मर्यादा काढून टाकणारं विधेयक २०१९ मध्ये संसदेत मांडलं गेलं, पुढे गेलं नाही. आज दिवसरात्रीच्या आयाबाईचा पगारही त्यात भागत नाही. लातूर जिल्हा परिषदेने काही वर्षांपूर्वी आईवडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापून घेतले होते, ती वाट जास्त खमकी म्हणायची.

आतापर्यंतचं सगळं झालं ते भान शाबूत असताना. विस्मरणाचा आजार किंवा पक्षाघात झाला तर? इथे अनेक कुटुंबं कुलमुखत्यारपत्रावर विसंबून असतात आणि नेमकी तिथेच फसतात. करार कायद्याप्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचं मानसिक भान गेलं की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे कागद ज्या दिवसासाठी केला, त्याच दिवशी तो निकामी. मग उच्च न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. दहाहून अधिक वर्षं स्मृतिभ्रंशाने अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्यासाठी मुंबईतली एक पत्नी अशीच न्यायालयात गेली, तेव्हा तिला विरोध केला तो मुलानेच. आईवडील हयात असताना त्यांच्या फ्लॅटवर मुलाचा हक्क नाही, असं उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये त्याला सुनावलं. ही पायपीट टाळायची तर बँकेतली खाती वेळेत दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ या पद्धतीने करून ठेवणं हाच साधा उपाय.

नॉमिनीबद्दलही एक गैरसमज घट्ट आहे. नॉमिनी हा मालक नसतो, वारसांसाठी पैसे स्वीकारणारा असतो. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या मालमत्तेवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही हेच सांगितलं. ज्यांनी महाराष्ट्राला तिथी-मुहूर्त सांगितले त्यांच्या घरी असं होतं, तर इतरांनी मृत्युपत्र आणि नामांकन एकमेकांशी जुळतंय का, हे एकदा तपासून पाहायला हरकत नाही.

घरोघरीची जबाबदारी ती झालीच, पण नोंदणी विभागाला हात झटकता येणार नाहीत. अंगठा घेताना ‘राजीखुशीने देताय ना?’ एवढं विचारणं पुरेसं नाही. साठी ओलांडलेल्या व्यक्तीच्या प्रत्येक बक्षीसपत्रात आणि हक्कसोडपत्रात कलम २३ ची अट छापील नमुन्यातच असावी, आणि ती नको असेल तर देणाऱ्याने स्वतंत्र सही करून काढावी. त्यासाठी नवा कायदा करण्याआधी नोंदणी महानिरीक्षकांनी एक परिपत्रक काढून सुरुवात करावी. तोवर ज्यांच्या पुढ्यात उद्या असा दस्त येणार आहे त्यांनी सही करण्यापूर्वी एक वाक्य त्यात घालून घ्यावं: ‘लिहून देणार यांना हयातभर या घरात राहण्याचा हक्क राहील आणि लिहून घेणार यांनी त्यांचं अन्न, औषधोपचार व सेवाशुश्रूषा न केल्यास हा दस्त रद्द होईल.’ कोणी घालू देत नसेल, तर सही न करता घरी परतावं आणि १४५६७ या ज्येष्ठांच्या मोफत हेल्पलाइनला फोन लावावा.