बसतं म्हणून जुळतं असं नाही

कमी पैशांत घरच्या घरी गेमिंग कॉम्प्युटर जोडू पाहणाऱ्या मुलाला अहिल्यानगर जिल्ह्यात काय किंवा इतरत्र काय, साधारण सारखेच सल्ले मिळतात. कुणी म्हणतं, डोकेफोड कशाला, सोळा जीबी रॅम आणि चार जीबी कार्ड असलेला ‘आय-फाइव्ह’चा तयार सेट घे आणि मोकळा हो. कुणी म्हणतं, आताचे सगळे भाग एकमेकांत बसतात, सुसंगतीचा बाऊ करू नकोस. तर कुणी ठामपणे सांगतं, असतील तेवढे पैसे ग्राफिक कार्डात घाल, बाकीचं किरकोळ. सल्ले वेगवेगळे दिसले तरी त्यांच्या बुडाशी समज एकच आहे: भाग खाचेत बसला की जुळला. श्रीमंताला हा समज परवडतो, कारण चुकलेला भाग बाजूला ठेवून तो दुसरा आणू शकतो. ज्याच्याकडे चाळीस-पन्नास हजारांच्या पलीकडे एक रुपया नाही, त्याला तो बुडवतो. माझ्या मते सुसंगतीची खरी परीक्षा खाचेत होत नाही. यंत्रावर पूर्ण ताण पडतो तेव्हा, घरातल्या विजेवर ते चालतं तेव्हा आणि पुढचे पैसे हातात येऊन त्यात भर घालायची वेळ येते तेव्हा ती होते.

आधी तयार सेटचं बघू, कारण सर्वाधिक फसगत तिथेच होते. चकाकत्या दिव्यांच्या कॅबिनेटमध्ये पुष्कळदा एच६१ जातीचा बोर्ड असतो आणि त्यावर आय५-२४०० किंवा त्याच्या आगेमागेचा प्रोसेसर. हा प्रोसेसर २०११ सालचा. चार गाभे, चारच धागे. नावात ‘आय-फाइव्ह’ आहे म्हणून तो २०२२च्या आय३-१२१०० एफपेक्षा वरचढ ठरत नाही. उलट हा ‘आय-थ्री’ त्याला सहज मागे टाकतो. ‘चार जीबी कार्ड’ म्हणून दाखवलं जातं ते बहुतेक वेळा जीटी ७३०. हे कार्ड २०१४ सालचं. त्याच्या डीडीआर३, ६४ बिटवाल्या आवृत्तीत मेमरीतून सेकंदाला साधारण १४.४ जीबी माहिती वाहते. आज बाजारात मिळणारी डीडीआर४-३२०० रॅमची एकच पट्टी २५.६ जीबी वाहून नेते. म्हणजे ज्या कार्डासाठी वेगळे पैसे मोजले, त्याच्या मेमरीचा वेग साध्या रॅमच्या पट्टीइतकाही नाही. तिथे चार जीबी हा आकडा टाकीचा आहे, नळाचा नाही. त्यात एनव्हिडियाने या केप्लर पिढीच्या कार्डांसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर देणं २०२१मध्येच थांबवलं. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार बंद केला, आणि अधिकृत अटींनुसार विंडोज ११ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. मुलं ज्यासाठी हटून बसतात तो व्हॅलोरंट हा गेम विंडोज ११वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट नसेल तर उघडतच नाही. या सेटमधला प्रत्येक भाग शेजारच्या भागात व्यवस्थित बसलेला असतो, पण आजच्या कामाशी त्यातला एकही जुळत नाही. ‘निदान स्वस्त तरी पडतो’ हे समर्थनही टिकत नाही, कारण पुढे सुधारणा करायची ठरली की बोर्ड, प्रोसेसर, रॅम, कार्ड यांतलं काहीच कामाला येत नाही. उरतं ते कॅबिनेट.

‘आता सगळं बसतंच’ हा दुसरा दावा निम्मा खरा आहे, आणि म्हणूनच जास्त घातक. इंटेलच्या एलजीए ११५१ या खाचेत सहाव्या-सातव्या पिढीचे प्रोसेसर बसत आणि आठव्या-नवव्या पिढीचेही. तरी जुन्या १०० आणि २०० मालिकेच्या बोर्डांवर नवे प्रोसेसर चालत नसत. खाच तीच, पण मशीन मुकं. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींच्या पट्ट्यांना २८८ पिना आहेत, पण त्यांचा काप वेगळ्या जागी आहे. एच६१० किंवा बी६६० बोर्डाच्या एकाच नावाखाली दोन्ही रॅमच्या आवृत्त्या विकल्या जातात, त्यामुळे नाव बरोबर असूनही रॅम परत करावी लागते. निदान या चुका पहिल्याच दिवशी लक्षात येतात. दुसऱ्या जातीच्या चुका कधीच लक्षात येत नाहीत, आणि माझा रोख त्यांच्यावर आहे. एएमडीचं आरएक्स ६५०० एक्सटी हे २०२२चं कार्ड बोर्डाशी फक्त चार मार्गिकांनी बोलतं. कार्ड आणि बोर्ड यांच्यातला पीसीआयई हा रस्ता ४.० पिढीचा असेल तर ते चालून जातं. पण बी४५० बोर्ड किंवा रायझन ५ ५६००जी प्रोसेसर असेल तर हा रस्ता ३.०चाच राहतो, म्हणजे वेग निम्म्यावर येतो. कार्डाची स्वतःची मेमरी चारच जीबी असल्याने ती भरली की याच अरुंद वाटेने रॅमकडे खेपा सुरू होतात आणि ऐन चकमकीत चित्र अडखळतं. इंटेलच्या आर्क कार्डांचंही तसंच आहे. रिसायझेबल बार ही सोय नसलेल्या जुन्या बोर्डात ती बसतात, पण बरीच मंदावतात. सुसंगती तपासून देणाऱ्या साइट असल्या जोड्यांना हिरवी खूण देतात, आणि त्यांच्या परीने ते बरोबरही आहे. त्या एवढंच सांगतात की यंत्र सुरू होईल. ते काय देईल हे ज्याचं त्याने पाहायचं असतं.

मग सगळे पैसे कार्डातच का नकोत? गेमचं चित्र कार्डच तर काढतं, असा युक्तिवाद असतो. त्यात तथ्य आहे, आणि खर्चाचा सर्वांत मोठा वाटा कार्डालाच द्यावा हे मलाही मान्य आहे. पण मोठा वाटा देणं वेगळं आणि उरलेल्या यंत्राला उपाशी ठेवणं वेगळं. नगरकडचा शेतकरी बोअरमध्ये मोटार सोडताना नुसती हॉर्सपॉवर बघत नाही. पाणी किती फुटांवर आहे, स्टेज किती लागतील, केबल किती जाड हवी, डीपीवर व्होल्टेज काय मिळतं, हे सगळं जुळवूनच तो पंप ठरवतो. हाच हिशेब कॉम्प्युटरला लावायचा. आधी मॉनिटर बघावा. तो सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा असेल तर प्रत्येक चित्राला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ दाखवणारा असेल तर सातही नाहीत. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइकसारख्या खेळांत हा सात मिलिसेकंदांचा वायदा बहुतांशी प्रोसेसर आणि रॅम पाळतात, तर मोठ्या, देखण्या खेळांत सगळा भार कार्डावर येतो. म्हणून ‘या प्रोसेसरबरोबर हे कार्ड इतके टक्के बॉटलनेक’ असं सांगणारे आकडे मी बिनकामाचे मानतो; खेळ आणि मॉनिटर बदलला की ते पार उलटतात. १०८० पिक्सेलच्या साध्या मॉनिटरवर आठ जीबी मेमरीचं मध्यम कार्ड, सहा गाभ्यांचा प्रोसेसर आणि आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या अशी जोडणी, महागडं कार्ड आणि सोळा जीबीची एकुलती पट्टी या जोडणीपेक्षा कितीतरी समजूतदार आहे. दोन पट्ट्या म्हणजे रॅमकडे जाणारे दोन रस्ते, २५.६ऐवजी ५१.२ जीबी. त्यासाठी जवळपास वेगळे पैसे पडत नाहीत. फक्त बोर्डाच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांतच त्या लावाव्यात आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू करावं, नाहीतर ३२००ची रॅम मुकाट्याने २४०० किंवा २६६६वर चालत राहते.

पण खिसा तंग झाला की पहिली कात्री लागते ती एसएमपीएसला, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, आणि अहिल्यानगर जिल्ह्यात तीच सर्वांत महाग पडते. ‘पाचशे वॅट’ असं मोठ्या अक्षरांत छापलेल्या डब्याच्या बाजूचं स्टिकर वाचून पाहावं. प्रोसेसर आणि कार्ड दोघेही १२ व्होल्टवर चालतात. तेव्हा १२ व्होल्टसमोर किती अँपिअर लिहिलेत तेवढंच खरं. तिथे १८ असेल तर गुणाकार २१६ वॅट. बाकीचे वॅट ३.३ आणि ५ व्होल्टच्या खात्यावर नुसते दाखवायला. रायझन ५ ५६०० कागदावर ६५ वॅटचा, आरएक्स ६६०० हे कार्ड १३२ वॅटचं. बोर्ड, पंखे, एसएसडी धरून भार सव्वादोनशे-अडीचशेच्या घरात जातो. तेव्हा ३६ अँपिअर खरोखर देणारा साडेचारशे वॅटचा एसएमपीएस पुरून उरतो आणि तो पाचशेचा डबा कमी पडतो. स्वस्तात मिळणारं जुनं आरएक्स ५८० कार्ड एकटंच १८५ वॅट घेतं. कार्डात वाचवलेले पैसे ते एसएमपीएसकडून वसूल करतं. ‘८० प्लस’ हा शिक्का पाहून निर्धास्त होणाऱ्यांनीही लक्षात घ्यावं की तो कार्यक्षमतेचा शिक्का आहे, संरक्षणाचा नाही, आणि ती चाचणी २३ अंश तापमानाला होते. मे महिन्यात नगरला पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या खोलीत कॅबिनेटच्या आतली हवा त्याहून तापलेली असते. म्हणून ४० किंवा ५० अंशांवर पूर्ण वॅट देण्याची हमी दिलेला नग घ्यावा.

पुन्हा विजेचा प्रश्न आहेच. नियमाप्रमाणे घरगुती वीज २३० व्होल्टच्या सहा टक्के वर-खाली, म्हणजे २१६ ते २४४च्या दरम्यान राहायला हवी. नेवासा, राहुरी, श्रीगोंद्याच्या वस्त्यांवर राहणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही की शेतीच्या पाळीला मोटारी एकदम चालू झाल्या की त्याच डीपीवरचा घरातला दिवा मिणमिणतो. २०० ते २४० व्होल्ट इनपुट लिहिलेला एसएमपीएस अशा वेळी दम टाकतो आणि मशीन आपोआप रीस्टार्ट होतं. मग दोष रॅमला दिला जातो, विंडोजला दिला जातो, कार्ड बदलून पाहिलं जातं. १०० ते २४० असा पूर्ण पल्ला असलेला, अॅक्टिव्ह पीएफसीवाला एसएमपीएस हा खड्डा सहन करतो. त्याच्या मागे यूपीएस हवा असेल तर ६०० व्हीएचा, म्हणजे साधारण ३६० वॅटचा, वर सांगितलेल्या जोडणीला आणि मॉनिटरला मशीन नीट बंद करण्यापुरता पुरतो. दोनशे वॅटचं जुनं कार्ड घातलं तर त्याची दमछाक होते. आणि घराला खरं अर्थिंग असावं, सॉकेटच्या तिसऱ्या भोकात नुसता दिखावा नको. कार्ड निवडतानाच विजेचा विचार करावा लागतो तो असा. पुण्यातल्या सोसायटीतला मुलगा या गोष्टी विसरला तरी चालेल. म्हणूनच महानगरात बसून केलेल्या भागांच्या याद्या इकडे जशाच्या तशा उचलू नयेत, असं मी आग्रहाने म्हणतो.

आता भर घालण्याचं. यावर आक्षेप असा येतो की तंत्रज्ञान इतकं झपाट्याने बदलतं की पुढचा विचार करणंच व्यर्थ. आज उत्तम ते घ्यावं. वस्तुस्थिती याच्या उलट साक्ष देते. एएम४ खाचेवर २०१७मध्ये पहिले रायझन आले आणि २०२२चा ५८००एक्स३डीही त्याच खाचेत बसला. २०१८चा बी४५० बोर्ड घेणाऱ्याने बायोस अद्ययावत केलं आणि बोर्ड, रॅम न बदलता दोन-तीन पिढ्यांची उडी मारली. २०२०च्या मे महिन्यात एएमडीने आधी हा आधार नाकारला होता. ग्राहकांनी ओरड केल्यावर तो दिला. तेव्हा असा आधार कायमचा मिळेल असं समजू नये, पण जो मिळालाय तो सोडूही नये. आपल्याकडे घरात पैसा एकदम येत नाही. उसाचं पेमेंट हप्त्याहप्त्याने होतं, कांद्याचं बाजार ठरवतो. म्हणजे कॉम्प्युटरही हप्त्याहप्त्याने पूर्ण व्हायचा. कार्डाचे पैसे वर्षभराने यायचे असतील तर आज ५६००जी घ्यावा, कारण त्यात स्वतःचं चित्र काढण्याची सोय आहे आणि दोन पट्ट्यांच्या रॅमवर हलके खेळ नीट चालतात. पण कार्ड दोन महिन्यांत येणार असेल तर साधा ५६०० घ्यावा. त्यात एल३ कॅशे १६ऐवजी ३२ एमबी आहे आणि कार्डाकडे जाणारा रस्ता ४.०चा, मात्र त्यासाठी बी५५०सारखा बोर्ड हवा. कार्ड बसेपर्यंत त्याच्यावर पडदा काळाच राहील. इंटेलच्या नावापुढचा ‘एफ’ही तेच सांगतो. ५६००जी आणि ५६०० दोन्ही एकाच खाचेत बसतात. निवड ठरते ती पैसे कधी येणार यावर. २०२५च्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण उत्पादकांनी आपली क्षमता एआयच्या सर्व्हरकडे वळवली. ज्यांच्या घरी डीडीआर४च्या दोन चांगल्या पट्ट्या पडून आहेत त्यांच्यासाठी ती रॅम चालवणारा बोर्ड हीच सर्वांत मोठी बचत. निव्वळ नवेपणासाठी डीडीआर५कडे धावणं मला या घडीला पटत नाही.

यावर उरतो एक वजनदार आक्षेप: एवढं सगळं पाहायचं तर लॅपटॉप किंवा ऑफिसातून निघालेलं सेकंड हँड मशीन का नको? लोणी, कोपरगाव, संगमनेरच्या इंजिनिअरिंग कॉलेजांच्या हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलाने लॅपटॉपच घ्यावा, यात वाद नाही. घरी राहून खेळणाऱ्याने मात्र लक्षात ठेवावं की लॅपटॉपचं कार्ड सोल्डर केलेलं असतं, उष्णतेला वाट कमी असते आणि एक भाग गेला तर सगळं अडतं. आठव्या पिढीपुढचं ऑफिसातलं मशीन मला खरोखरच सन्मान्य पर्याय वाटतो, फक्त त्याचा एसएमपीएस कंपनीच्या खास आकाराचा आणि खास पिनांचा असतो, कॅबिनेटही कधी अर्ध्या उंचीचं. तेव्हा ७५ वॅटच्या आतलं, वेगळी वायर न लागणारं आणि त्या उंचीत मावणारं कार्डच त्याला चालतं. तेवढ्यावर समाधान असेल तर जरूर घ्यावं. पुढे मोठं कार्ड टाकू असा बेत असेल तर घेऊ नये.

सुसंगती पाहताना अंतराचाही विचार करावा लागतो. नवा प्रोसेसर जुन्या बायोसच्या बोर्डावर सुरू झाला नाही तर मोठ्या शहरात दुकानदार दुसरा प्रोसेसर लावून पाच मिनिटांत काम करून देतो. अकोले किंवा जामखेडच्या मुलाला त्यासाठी बोर्ड पिशवीत घालून नगर नाहीतर पुणे गाठावं लागतं, आणि भाग कुरिअरने मागवलेला असेल तर पंधरवडा जातो. म्हणून बोर्ड घेतानाच त्यावर कोणतं बायोस आहे हे विचारावं, किंवा प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याची सोय असलेला बोर्ड थोडे जास्त देऊन घ्यावा. प्रत्येक भागाचा सीरियल नंबर जीएसटीच्या पक्क्या बिलावर लिहून घ्यावा. कार्डाची आणि एसएमपीएसची वॉरंटी आयातदारामार्फत मिळते, आणि तो बिलावरची तारीख नि हा नंबर पाहतो. बिलाशिवाय हजार रुपये कमी करून देणारा माणूस तीन वर्षांची हमी काढून घेत असतो.