आठवीचा वर्ग उशिरा भेटतो

मुरगूड परिसरातल्या मराठी शाळांत उशिरा आलेलं पोरगं दारातून 'मे आय कम इन, सर?' असं बिनदिक्कत विचारतं. आत आल्यावर त्यालाच 'व्हाय आर यू लेट?' म्हटलं, की ते शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतं. पहिलं वाक्य त्याला रोज लागतं. दुसऱ्याशी त्याची गाठच पडत नाही, कारण सर लगेच 'उशीर का झाला रे?' म्हणून मोकळे होतात.

सरांना तरी दोष कसा द्यायचा? ते घडतात कसे ते बघा. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं. आज सदाशिवराव मंडलिक महाविद्यालयात किंवा शिवाजी विद्यापीठाच्या दुसऱ्या कुठल्या महाविद्यालयात इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी पिढी त्यातूनच वर आली आहे. यातल्या कितीतरी जणांची नजर माध्यमिक शाळेतल्या नोकरीवर असते. पदवीला ही मुलं कविता, नाटक, समीक्षा वाचतात, वाचावंच. पण आठवीच्या चाळीस पोरांपुढे उभं राहून पाच मिनिटं सोप्या इंग्रजीत बोलून दाखव, असं त्यांना त्या काळात क्वचितच कुणी सांगतं.

ते काम बी.एड.वर सोडलेलं आहे. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, शाळेत घालवायचे आठवडे वीस झाले. तरी जीव अडकतो तो पाठाच्या टाचणात. हेतू लिहिले का, तक्ता टांगला का, फलकलेखन सरळ आहे का. मागच्या बाकावर निरीक्षक बसले, की छात्राध्यापक पुढच्या चार हुशार मुलांना प्रश्न विचारून पाठ तडीस नेतो. निरीक्षक उठून गेले, की इंग्रजीची एक ओळ वाचायची आणि लगोलग तिचं मराठी सांगायचं, हा जुना रिवाज सुरू. पोरं फार चाणाक्ष असतात. मागून मराठी येणार हे त्यांना आठवडाभरात कळतं आणि इंग्रजी ओळ चालू असताना ती निवांत खिडकीबाहेर बघतात. ही खोड टाचणातून दिसत नाही. वर्गात वर्षभर बसलं तरच दिसते.

हे आपल्याला कुणी सांगितलं नाही, असंही नाही. मुरगूडहून वेदगंगेच्या काठाकाठाने वर गेलं, की गारगोटी लागते. तिथे जे. पी. नाईकांनी मौनी विद्यापीठ उभारलं. हेच नाईक पुढे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव झाले. शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठापासून तुटलंय आणि शाळांपासूनही, हे त्या आयोगाने १९६६च्या अहवालात स्पष्ट मांडलं. साठ वर्षं होत आली. आपण अहवालाची जयंती-पुण्यतिथी मात्र नेमाने करतो.

आता एक वाट आयती चालून आली आहे. नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना क्षेत्रप्रकल्प आणि ओजेटी (ऑन जॉब ट्रेनिंग) करावं लागतं, त्याला श्रेयांक आहेत. बँकेत, दुकानात, पतसंस्थेत जागा शोधत पोरं फिरतात. इंग्रजीच्या मुलांसाठी गावातली माध्यमिक शाळा काय वाईट? एका श्रेयांकाला तीस तास धरले, तर आठवड्याला एक तास याप्रमाणे शाळेचं जवळजवळ सगळं वर्ष होतं. त्यांनी धडा शिकवू नये; तो शाळेच्या बाईंचाच. यांनी दहा-दहा पोरांचा गट घेऊन नुसतं बोलावं: काल ऊसतोडीला कोण गेलं, एसटी किती वाजता आली, मॅच कोण हरलं. अट एकच, मागून मराठी सांगायचं नाही. ज्याला हे जमत नाही, त्याला निदान बी.एड.ची फी भरण्याआधी कळेल.

मुख्याध्यापक म्हणतील, पोर्शन कोण पुरा करणार? रास्त आहे. म्हणून हा तास शाळेच्या वेळापत्रकातच हवा, आणि त्यावर लक्ष ठेवणाऱ्या इंग्रजीच्या शिक्षकाला महाविद्यालयाने मानधन द्यायला हवं. फुकटात मागितलं तर ओजेटीच्या वहीवर सही-शिक्का तेवढा मिळेल, आणि तो मिळवण्यात आपली पोरं आधीच तरबेज आहेत.