मॅगीत टाकायच्या आधी जरा चिरून बघा

पावसाळी ट्रेकला गवतात लिंबाएवढा पांढरा गोळा दिसला की ग्रुपमधला एक जण त्याला लाथ मारतो आणि दुसरा फोन काढतो. ॲप सांगतं, 'पफबॉल, खाण्यायोग्य.' लगेच तिसरा विचारतो, 'मॅगीत टाकूया?'

माझं ॲपशी भांडण नाहीये. नाव शोधायला ते भारीच आहे. पण फोटोत दिसतं ते फक्त बाहेरचं आवरण. पफबॉल खायचा की नाही हे ठरतं आतून, आणि कॅमेरा आत जात नाही.

पफबॉल म्हणजे छत्री न उघडणारं भूछत्र. जाणकार तो मधोमध उभा चिरतात. आत सगळीकडे पनीरसारखं एकसंध, पांढरंशुभ्र दिसलं तरच पुढचा विचार. पिवळट, हिरवट किंवा तपकिरी झाक आली असेल तर आत बीजाणू तयार व्हायला लागलेत, तो फेकायचा. आणि आत टोपी-दांड्याची छोटीशी आकृती रेखल्यासारखी दिसली तर? मग तो पफबॉल नव्हेच. ते अमानिता गटातलं, अजून न उघडलेलं भूछत्र असू शकतं. बाहेरून अंड्यासारखं गोंडस, पण जगातली सगळ्यात जीवघेणी भूछत्रं याच गटातली.

त्यांचं विष शिजवून जात नाही. खाल्ल्यावर साधारण सहा ते चोवीस तास काहीच होत नाही. मग उलट्या-जुलाब. मग एखादा दिवस चक्क बरं वाटतं, आणि तेव्हाच आत लिव्हर निकामी होत असतं. त्यामुळे 'काल खाल्लं, काही नाही झालं' या वाक्याला काडीचा अर्थ नाही. कोणी खाल्लंच असेल तर लक्षणांची वाट न बघता, उरलेला तुकडा सोबत घेऊन हॉस्पिटल गाठायचं. लसूण काळी पडते का, चांदीचं नाणं काळवंडतं का, किड्याने कुरतडलंय का, या सगळ्या टेस्ट निव्वळ थापा आहेत.

बरं, सुरीसुद्धा सगळं सांगत नाही. अर्थबॉल नावाचा पफबॉलचा एक डुप्लिकेट आहे. आवरण जाड, हाताला टणक, वाढला की आतून जांभळट काळा. पण अगदी कोवळा असताना तोही आतून पांढरटच! खाल्ला तर पोटाचे हाल.

आता गंमत बघा. आपल्या गडचिरोलीला लागून असलेल्या बस्तरमध्ये पहिल्या पावसानंतर सालवृक्षांखाली 'बोडा' निघतो. झारखंडमध्ये तोच 'रुगडा'. हंगामाच्या सुरुवातीला जगदलपूरच्या बाजारात त्याचा भाव किलोला हजाराच्या वर जातो. शास्त्राच्या हिशोबात हा पफबॉल नाही, उलट त्या अर्थबॉलचाच जवळचा नातेवाईक. तरी तिथले लोक पिढ्यान्‌पिढ्या तो खातायत. कारण गोळा करणाऱ्या बायांना माहीत असतं, कुठलं जंगल, कुठलं झाड, कुठला आठवडा. आतून काळा पडलेला बोडा गिऱ्हाईकही घेत नाही. हे ज्ञान त्या मातीला बांधलेलं आहे. रीलवाले त्यातून 'आदिवासी सुपरफूड' एवढंच उचलतात आणि आपण ते लोणावळ्याच्या गवतात लावायला जातो. मला राग येतो तो याचा. त्या बायांचं कौशल्य तीस सेकंदांत पळवायचं, आणि तेही अर्धवट!

जुन्या पफबॉलला दाबून 'धूर' उडवायची रील तर हिट असतेच. तो धूर म्हणजे बीजाणू. 1994 मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये 16 ते 19 वयाच्या आठ जणांनी पार्टीत ते हुंगले, चघळले. ताप, धाप, न्यूमोनियासारखा आजार. काही जण थेट हॉस्पिटलमध्ये. बरे झाले सगळे, पण तो धूर नाकाशी नेऊ नका.

कुतूहल असेल तर ते मारू नका, प्लीज. गोळा उभा चिरा, आतला फोटो काढा, शेजारच्या झाडाचा काढा, आवरण किती जाड आहे ते लिहून ठेवा, हात धुवा. कॉलेजच्या बॉटनी डिपार्टमेंटमधल्या मॅडमना दाखवा. नावापर्यंत त्या नेतील. 'खाऊ का?' हे मात्र त्यांनाही फोटोवरून विचारू नका.