‘पानी’ म्हणणाऱ्याला अक्कल नाही, असं कोण म्हणतं?



वनहक्क समित्या निवडायच्या ग्रामसभा गावोगाव लागल्या आहेत. पाड्यापाड्यांवर एक वाक्य आमच्या कानावर येतंय: “त्याला नको घेऊ, त्याला नीट बोलता येत नाय. साहेबापुढे काय बोलणार तो?” साहेब असं बोलला असता तर आम्हाला नवल वाटलं नसतं. पण हे आपलेच लोक आपल्याच माणसाबद्दल बोलतात, म्हणून हे लिहावं लागतंय.

‘नीट बोलता येत नाय’ म्हणजे काय? तो मुका आहे का? दोन भावांचं बांधाचं भांडण पंचात बसून तो मिटवतो, तेव्हा त्याला बोलता येतं. कोणाचा प्लॉट कोणत्या नाल्यापासून कोणत्या मोहापर्यंत, कोणाच्या बापाने तो कधी फोडला, गार्डाने कोणत्या साली पीक उपटलं, हे तो कागद न बघता सांगतो. मग नीट म्हणजे काय, तर तालुक्याच्या गावासारखं. ‘पानी’ नको, ‘पाणी’ पाहिजे. ‘आमी’ नको, ‘आम्ही’ पाहिजे. ‘हाय’ म्हटलं की अडाणी, ‘आहे’ म्हटलं की हुशार. म्हणजे माणसाची अक्कल डोक्यात नसते, ती टाळूला जीभ कुठे लागते त्यावर ठरते!

या शुद्धवाल्यांना आम्ही एकच गोष्ट विचारतो. ज्या संस्कृतचा हवाला देऊन शुद्ध-अशुद्ध ठरवता, त्या संस्कृतमध्ये शब्द ‘पानीय’ आहे. तिथे ‘न’ आहे, ‘ण’ नाही. मग अशुद्ध कोण बोलतो? खरी गोष्ट अशी की शुद्ध-अशुद्ध असं काही नसतं. ज्याच्या हातात शिक्का, त्याची बोली शुद्ध. ज्याच्या हातात कोयता, त्याची अशुद्ध.

आणखी एक हिशोब करा. आपला माणूस घरात आपली बोली बोलतो, बाजारात मराठी बोलतो, कामाला सीमेपलीकडे गेला की गुजराती नाहीतर हिंदी बोलतो. आपल्या गोंड आणि माडिया भावांची भाषा तर मराठीच्या कुळातलीच नाही. ते परकी भाषा शिकून साहेबाशी बोलतात. साहेब त्यांच्या भाषेतला एक शब्द शिकत नाही. तीन भाषा बोलणारा अडाणी आणि एक बोलणारा विद्वान, हा कुठला हिशोब? साहेबाच्या नोटिशीत ‘अतिक्रमणधारक’ आणि ‘निष्कासन’ असतं. ते आपल्याला कळलं नाही तर आपण मूर्ख. साहेबाला ‘दळी’ आणि ‘राब’ कळत नाही, तरी त्याला कोणी मूर्ख म्हणत नाही.

ही गत फक्त आदिवासींची नाही. वसंतदादा पाटलांचं शिक्षण फार झालेलं नव्हतं, बोलणं गावरान. शहरातल्या लोकांनी त्यांच्या बोलण्याची चेष्टा केली. हाच माणूस 1943 मध्ये सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडला होता, गोळी खाल्ली होती. पुढे राज्याचा मुख्यमंत्री झाला. 1983 मध्ये त्यांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यांचं राजकारण साखर कारखान्यांचं, ते आमचं नाही. त्या कॉलेजांची फी भरायची आमच्या पोरांची ऐपतही नव्हती. पण त्या माणसाला डोकं नव्हतं असं म्हणायची कोणाची हिंमत आहे? नाशिक जिल्ह्यातल्या आंबे गावचे दादासाहेब गायकवाड. साध्या माणसाला कळेल असं बोलायचे. 1959 ला आणि पुन्हा 1964 ला त्यांनी भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला, हजारो लोक तुरुंगात गेले. त्यांच्या शब्दावर लोक तुरुंगात गेले. त्यांचे उच्चार कोणी तपासले नाहीत.

आता कोणी म्हणेल, आपला माणूस शिकला, साहेबासारखं बोलायला लागला, की सगळं सरळ होईल. त्याचाही दाखला आहे. मुंडा आदिवासींचे जयपालसिंह ऑक्सफर्डला शिकले. 1928 च्या ऑलिंपिकमध्ये भारताच्या हॉकी संघाचे कप्तान होते. त्यांच्या इंग्रजीला कोण हसणार? घटना समितीत डिसेंबर 1946 मध्ये ते उभे राहिले, आपण जंगली आहोत हे अभिमानाने सांगितलं, आणि लोकशाही आदिवासींना शिकवू नका, त्यांच्याकडून शिका असं बजावलं. पुढे घटनेत ‘आदिवासी’ हाच शब्द पाहिजे असं त्यांनी मागितलं. मिळालं काय? ‘अनुसूचित जमाती’. वेगळा झारखंड मागितला. तो 2000 साली झाला, तेव्हा त्यांना जाऊन तीस वर्षं झाली होती. साहेबाच्या इंग्रजीने त्यांना ऐकून घेतलं गेलं, पण मागितलेलं दिलं गेलं नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, अडचण आपल्या उच्चाराची नाही. अडचण आपल्या मागणीची आहे. आपण जमीन मागतो, जंगल मागतो. मागणीला उत्तर द्यायचं नसलं की मागणाऱ्याच्या बोलण्याला हसायचं, ही जुनी युक्ती आहे. हसलं की ऐकावं लागत नाही. आणि आपण त्या हसण्याला लाजलो की त्यांचं काम आपणच करतो. शीव माहीत असलेला म्हातारा घरी बसतो आणि गोड बोलणारा समितीवर जातो. त्याला साहेबाची भाषा येते, पण आपला नाला कुठे वळतो ते येत नाही. मग पाच एकर कसणाऱ्याच्या नावावर पाच गुंठे चढतात, आणि कागद मात्र शुद्ध मराठीत असतो.

कायदा काय म्हणतो ते नीट ऐका. वनहक्क कायदा 2006 चा, नियम 2008 चे. दाव्याचं काम ग्रामसभेपासून सुरू होतं. समिती 10 ते 15 जणांची, त्यात निदान एक तृतीयांश बाया. पुराव्यांच्या यादीत गावातल्या जाणत्या माणसांचं सांगणं आहे. दावेदार सोडून दुसऱ्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलं आणि ते लिहून घेतलं, की तो पुरावा. ते कोणत्या बोलीत सांगायचं, ‘न’ म्हणायचं की ‘ण’, असं कायद्यात कुठेही लिहिलेलं नाही. ज्या बोलण्याला ते हसतात, तेच बोलणं कायद्याने पुरावा धरलंय!

पोरांनी शिकायचं नाही का? शिकायचं. पुस्तकी मराठी शिका, कायदा वाचा, इंग्रजी पण शिका. भाषा हे हत्यार आहे, कोयत्यासारखं. हत्यार वापरायचं असतं, त्याच्या पाया पडायचं नसतं. शिकलेल्या पोराने आजोबाचं सांगणं लिहून घ्यावं. आजोबाला गप्प बसवून स्वतः बोलू नये.

तेव्हा ग्रामसभेत एवढं करा:

1. समितीवर माणूस घेताना विचारा, याला शीव माहीत आहे का? हा दबावाला वाकतो का? हा एकटा साहेबाकडे चहा प्यायला जातो का? बोलतो कसा, हे विचारू नका.

2. बायांना नुसतं यादीत घालू नका, बोलू द्या. लाकूडफाटा, कंद, पाणी कुठून आणतात ते त्यांनाच ठाऊक. सामूहिक हक्काचा दावा त्यांच्या सांगण्यावर उभा राहणार आहे.

3. जबाब आपल्या बोलीत द्या. लिहिलेलं सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्या. पटलं तरच अंगठा.

4. कचेरीत एकटं जाऊ नका, पाच जण जा. कोणी बोलण्याला हसलं तर शांतपणे सांगा, “हसून झालं असेल तर उत्तर द्या, आणि लेखी द्या.”

5. ग्रामसभेच्या निर्णयावर तक्रार असेल तर 60 दिवसांत उपविभागीय समितीकडे अर्ज करता येतो. बाजू मांडायची संधी दिल्याशिवाय अर्ज निकाली काढता येत नाही. ती बाजू ‘आमी’ म्हणूनच मांडा.

आमी हाय, आमची जमीन हाय, आनि आमाला अक्कल बी हाय!

जोहार! जिंदाबाद!